सात माणसांची गाडी

गाड्यांची नावं मी घेणार नाही. मार्च ते जून आमच्या घरात ती इतकी घेतली गेली, की तेवढं देवाचं नाव घेतलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं. तेरा रविवार झाले, नांदेडमधली सहा शोरूम झाली, तरी दारात गाडी म्हणाल तर अनयची सायकलच होती.

माझा नवरा शिवशंकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण इथे 'तो' म्हणणार आहे. हे सगळं आठवलं की मला राग येतो आणि रागात मला अहो-जाहो जमत नाही. लोक गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक नेतात. हा टेप नेतो. खिशात मोजायचा टेप आणि मागे आम्ही सहा जण: मी, सोळा वर्षांची आमची उर्वी, नऊ वर्षांचा अनय, शेजारीच राहणारा धाकटा दीर उद्धव, त्याची बायको मृण्मयी, आणि माझ्या सासूबाई साखराबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. एवढी वरात बघून शोरूमवाले आधी खूश व्हायचे. अख्खं खानदान आलंय म्हणजे गाडी विकल्यातच जमा. पुढच्या दहा मिनिटांत त्यांचा चेहरा उतरायचा.

एक तर आत्याबाई शोरूमच्या आत यायच्या नाहीत. डोक्यावर स्लॅब असला की त्या आत पाऊल टाकत नाहीत, मग ते लग्नाचं कार्यालय असो की तहसील. मांडवात बसतील, झाडाखाली बसतील, स्लॅबखाली नाही. म्हणून गाडी बाहेर अंगणात काढावी लागायची. मग शिवशंकर आम्हाला गाडीपासून दहा पावलांवर उभं करायचा, स्वतः मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "बसा!"

की आम्ही पळत सुटायचं. सात माणसं आत, चारही दारं बंद, तोवर घड्याळ चालू. सगळ्यात मागच्या सीटवर जायला मधली सीट वाकवावी लागते. तिथे मृण्मयीचा पदर हमखास अडकायचा.

"बावीस सेकंद," तो म्हणायचा. "जमत नाही."

"सर, ॲव्हरेज तर ऐका," सेल्समन काकुळतीला यायचा.

ॲव्हरेज याने एकदाही ऐकलं नाही. आपल्याकडे माणूस मोटारसायकल घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतो. हा विचारायचा, मागचं दार आतून उघडतं का, आणि लहान पोराला एका हाताने उघडता येतं का. एका शोरूममधली पोरं आम्हाला बघून तोंड फिरवून हसली, ते मी बघितलं. मला हसू आलं नाही. मला कारण माहीत होतं.

ते मला त्याने कधी सांगितलं नाही. उद्धवने सांगितलं, तेही माझ्या लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळचं यांचं गाव मातीत गेलं. सासरे त्यातच गेले. सकाळी शेजारच्या गावातून धोंडप्पा नावाच्या माणसाची जीप आली, ती आधीच जखमींनी भरलेली होती. उद्धव तेव्हा बारा वर्षांचा, डोक्याला मार लागून बेशुद्ध. त्याला मांडीवर घ्यायला आत्याबाई चढल्या आणि उचलून न्यायला शिवशंकर. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. राहिली विमल, या दोघांची बहीण. वय सोळा. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. पायाला लागलं होतं, पण बोलत होती, पाणी मागत होती. धोंडप्पा म्हणाला, "हिला दुसऱ्या फेरीत नेऊ." शिवशंकरने मान हलवली. विमलच म्हणाली म्हणे, जावा तुम्ही. जीप लातूरला जाऊन परत येईपर्यंत दुपार टळली. विमल त्याच झाडाला टेकलेली होती. पोटात कुठेतरी रक्त साचलं होतं. तिच्यापाशी कोणी नव्हतं.

म्हणून आमचं घर पत्र्याचं आहे. नांदेडात, भर वस्तीत, इंजिनिअरचं घर पत्र्याचं! ऑफिसातले लोक हसतात. दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. माझ्या खांद्याच्या वर जाईल असं कपाट घरात नाही. झोपताना सगळ्यांच्या चपला ओळीने दाराशी, तोंडं बाहेर करून. मे महिन्यात तो पत्रा तापतो तेव्हा आम्ही सगळे आत भाजून निघतो आणि शेजारी त्यांच्या स्लॅबच्या घरात कूलर लावून घोरतात. हे सगळं मी सतरा वर्षं सोसलं, कारण त्याचं दुःख खरं होतं. पण उर्वीच्या वेळी मला ते सोसेना.

उर्वीला दहावीला शहाण्णव टक्के मिळाले. तिला डॉक्टर व्हायचं आहे आणि अकरावी-बारावी लातूरला करायची आहे. हा म्हणाला, नांदेडात काय क्लास कमी आहेत? कमी नाहीत. गल्लीगल्लीला बोर्ड आहेत. नांदेडची पोरं लातूरला जातात आणि लातूरची नांदेडला येतात, लोह्याच्या स्टँडवर त्यांची गाठ पडत असेल. पण पोरीला तिथल्याच कॉलेजात शिकायचं होतं आणि ते तिने मार्कांवर कमावलं होतं.

प्रश्न होता तिच्यासोबत राहणार कोण. लातुरात अशा पोरांसोबत आया राहतात. एक खोली, एक गॅस, आणि गावाकडे नवरा पिठलं-भात रांधून खातो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दोन वर्षांची रजा मला कोण देणार? मग हॉस्टेल. शिवशंकर चार हॉस्टेलं बघून आला, अर्थात टेप घेऊन. तिसरा मजला, जिना एकच, तोही तीन फुटी.

त्याने नाही म्हटलं नाही. नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. तो म्हणाला, "गाडी येऊ दे. सगळे बसतील अशी. गाडी असली की अडीच तासांत मी तिच्यापाशी. गाडी आली की पाठवू."

पोरीने खरं मानलं. वहीत गाड्यांचे तक्ते काढले, सीटा, दारं, उंची, सगळं. मीही खरं मानलं, मेपर्यंत. मग माझ्या ध्यानात आलं. गाडी पसंत पडली तर पोरगी जाणार, म्हणून गाडी पसंत पडत नव्हती. त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, देव जाणे.

जूनच्या शेवटी यादी लागली. उर्वीचं नाव वरच्या दहांत होतं, आणि प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख मंगळवार. रविवारी सकाळी ती बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, परवा शेवटचा दिवस आहे."

"आज बघू ना बेटा."

"आज बघू नका. आज घ्या. नाहीतर सरळ नाही म्हणा."

तो टेप शोधायला लागला.

दोन ऑटो करून आम्ही सातव्या शोरूमला गेलो, लोह्याच्या रस्त्यावर, गावाबाहेर. सेल्समनचं नाव गुरुलिंग, चाळिशी उलटलेला, सोशिक माणूस. आत्याबाईंना बघून त्याने विचारलंसुद्धा नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर टाकल्या आणि गाडी अंगणात आणून लावली. उंच, लांबरुंद, पांढरी. आम्ही दहा पावलांवर उभे राहिलो. मृण्मयी त्या दिवशी मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून आली होती.

"बसा!"

मागे उद्धव आणि मृण्मयी, मधे अनय, आत्याबाई, मी, आणि पुढे उर्वी. दारं बंद. शिवशंकर स्टिअरिंगशी बसून घड्याळ बघत राहिला.

"अकरा," तो म्हणाला.

मग त्याने टेप काढला. दाराची रुंदी मोजली, छताची उंची मोजली, मागचं दार अनयकडून चार वेळा उघडून घेतलं. सगळं बसत होतं. आता याला कारण सापडणार नाही, असं मला वाटलं. शेवटी तो म्हणाला, "चालवून बघावी लागेल." इतक्या रविवारांत हे वाक्य पहिल्यांदाच निघालं होतं. उर्वीने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"हाव सर, चला ना," गुरुलिंग म्हणाला. "फक्त सोबत मला बसावं लागतं, शोरूमचा नियम हाय. अन् सात सीटांत सातच माणसं." त्याने गाडीत नजर फिरवली. त्याला पुढे बसायचं होतं आणि पुढे उर्वी होती. "ताई, तुम्ही थांबा जरा. तुम्हाला दुसऱ्या फेरीत नेतो."

शिवशंकर दार ढकलून खाली उतरला.

"काय म्हणलास?"

"न्हाई सर, ताईंना दुसऱ्या..."

"उतरा! सगळे उतरा खाली! कोणी थांबणार न्हाई हितं. न्हाई पायजे तुझी गाडी!" तो इतक्या जोरात ओरडला की आतली माणसं काचेशी आली. गुरुलिंग दोन पावलं मागे सरला. "माझं काय चुकलं सर?" म्हणाला. त्याचं काही म्हणता काही चुकलं नव्हतं.

उर्वी उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. "मला माहीत होतं पप्पा. तुम्हाला गाडी घ्यायचीच नाही. तुम्हाला मला पाठवायचंच नाही."

बापाच्या तोंडावर ती असं कधी बोलली नव्हती. माझ्याही जिभेवर तेरा रविवारचं साठलेलं आलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई उतरायला लागल्या. एक हात दांडीला, एक हात अनयच्या खांद्यावर. त्या सावकाश चालत गेल्या, एका खुर्चीवर बसल्या आणि दुसरी खुर्ची जवळ ओढून उर्वीला म्हणाल्या, "ये, बस माझ्यापाशी."

मग लेकाला म्हणाल्या, "मी थांबते हिच्यासंगं. तू जा, फेरी मारून ये."

"माय, घरी चल."

"जा म्हणलं ना."

आईचा असा आवाज त्याने फार वर्षांनी ऐकला असावा. तो मुकाट गाडीत बसला. मी आणि उद्धव एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

फेरी चार किलोमीटर जायची आणि वळून यायची. गुरुलिंगने बिचाऱ्याने एसीबद्दल, ब्रेकबद्दल सांगायला सुरुवात केली आणि कोणी हूं की चूं करेना तेव्हा गप्प बसला. शिवशंकरने गाडी नीट चालवली, पण त्याची नजर सारखी मागच्या आरशात होती. वळलो तेव्हा मला हायसं वाटलं. आणि परतीच्या वाटेवर खताच्या पोत्यांची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली. पेरणीचे दिवस, पोती इकडेतिकडे पसरलेली, पुढे ट्रक, मागे एसटी.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. शिवशंकरने हॉर्न वाजवला. उतरला, पुढे जाऊन पोती उचलायला लागला, परत आला. उर्वीचा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि आत्याबाईंना फोन वापरता येत नाही. गुरुलिंगने शोरूमला लावला, कोणी उचलेना. "जेवणाची सुट्टी असंल सर."

"एवढ्यात काय होतंय?" मी वैतागून म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली. त्या सकाळी जीपमध्येही कोणीतरी असंच म्हणालं असणार. मी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला.

वीस मिनिटांच्या फेरीला पाऊण तास लागला. शोरूमच्या फाटकातून आत वळलो, आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

त्याने गाडी होती तिथेच सोडली, इंजिन चालू, दार उघडं. पळत खुर्च्यांपाशी गेला. एका खुर्चीवर हात ठेवला, जणू ती किती गार झाली ते बघत होता. "उर्वी!" त्याने हाक मारली. "माय! ए माय!" चाळिशीच्या माणसाचा आवाज असा फाटताना मी त्याआधी ऐकला नव्हता.

वरून काच वाजली. पहिल्या मजल्यावर गिऱ्हाइकांना बसायची खोली होती, तिच्या काचेमागे उर्वी उभी राहून हात हलवत होती. आणि तिच्या बाजूला सोफ्याच्या अगदी कडेला आत्याबाई.

आम्ही जिना कसा चढलो आठवत नाही. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी सोफ्याचा हात घट्ट धरला होता. कपाळावर घाम, नजर वर स्लॅबला लागलेली.

"इथं काय करून राहिलीस माय?" त्याला धाप लागली होती.

"बसून बघून राहिले," त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाला. न्हाई पडला."

उर्वीने रुमालाने त्यांचं कपाळ पुसलं.

"लातुरात खोल्यांना स्लॅबच असतोय न्हवं? म्हणलं बघावं, माझ्यानं होतंय का." मग त्यांनी नजर खाली आणली आणि लेकाकडे बघितलं. "इमलपाशी मी बसायला पायजे होतं, शिवा. उद्धवला तू एकटा नेला असतास. मी आई होते. जीपमधी मी चढले, ती चूक माझी. तुझी न्हवती. तू एकोणीस वरसं टेप घेऊन हिंडलास, अन् मला तोंड उघडून सांगता आलं न्हाई."

शिवशंकर खाली फरशीवरच बसला आणि त्याने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तो रडला, मोठ्याने, गुरुलिंगसमोर, सगळ्यांसमोर. उद्धव काचेकडे तोंड करून उभा राहिला. मीही रडले, खोटं कशाला बोलू. माझं तेरा रविवारचं भांडण तसंच पोटात राहिलं.

"ह्या पोरीपाशी आता मी बसते," आत्याबाई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "दोन वरसं. भाकरी मला करता येतीय. तू फेऱ्या मार."

मंगळवारी आम्ही उर्वीचा प्रवेश एसटीने जाऊन केला, कारण गाडी अशी दोन दिवसांत मिळत नसते. ती जुलैत आली, तीच पांढरी. त्याच आठवड्यात सातही जण तिच्यात बसून लातूरला गेलो. टपावर ताडपत्रीखाली गादी, गॅस, पुस्तकांची खोकी आणि आत्याबाईंची परात. खोली पहिल्या मजल्यावर होती. आत्याबाईंनी त्यांची खाट दाराला लागून टाकायला लावली आणि चपला खाटेखाली, तोंडं बाहेर करून ठेवल्या. शिवशंकरने जिन्यात उभं राहून टेप काढला.

"ठेव तो खिशात," आत्याबाई वरून म्हणाल्या.

त्याने ठेवला.

दुपारी आम्ही निघालो. उर्वी आणि आत्याबाई गॅलरीत उभ्या होत्या. उर्वी रडत होती, आत्याबाई नाही. गाडी सुरू करण्याआधी शिवशंकरने सवयीप्रमाणे आरशात बघून माणसं मोजली. मी बघत होते. त्याचे ओठ पाचवर थांबले.

"दोन कमी आहेत पप्पा," मागच्या रिकाम्या सीटवर ऐसपैस पसरत अनय म्हणाला.

"हाव," तो म्हणाला. "ते दुसऱ्या फेरीत."

चाकूर मागे पडलं. मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता मला विचारलं, "त्या गुरुलिंगचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"का? काय झालं?"

"दर शनिवारी यायचं म्हणजे..." तो जरा थांबला. "ही गाडी ॲव्हरेज किती देते, ते विचारायचंच राहिलं."